बरा झालेला डोळा

शेजारच्या इंदिराबाई मनानं वाईट नाहीत, पण सकाळी सकाळी दुधाच्या बूथपाशी कुणाला काय ऐकवावं याचा त्यांना पोच नाही, असं म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या अख्ख्या गल्लीचं मत होतं. त्या दिवशी मात्र त्या चांगलंच बोलल्या. दुधाची पिशवी पदराआड धरून त्यांनी मोहनरावांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय की हो मोहनराव, डोळा कसला पांढराशुभ्र झालाय. ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. निशाणी पण उरली नाही, नोडी, बघा की." मोहनराव हसले, "देवीची कृपा," म्हणाले आणि वळले. बूथपासून घराच्या फाटकापर्यंत पासष्ट पावलं. डावा डोळा गेल्यापासून ती त्यांना पाठ होती. तिसाव्या की एकतिसाव्या पावलाला ते थांबले. निशाणी उरली नाही म्हणजे काय? निशाणी उरायला हवी होती. पुढचं पाऊल कुठलं हे त्यांना आठवेना, तेव्हा ते भिंतीला हात लावत घरी आले.

गौराबाई स्वयंपाकघरात होत्या. मोहनराव सरळ न्हाणीत गेले, कडी लावली, आरशाशी नाक टेकेल इतके जवळ झाले आणि अंगठ्यानं उजव्या डोळ्याची वरची पापणी उचलली. तिथं, बुबुळाच्या वरच्या कडेला, भिजलेल्या साबुदाण्याएवढा एक फुगा असायला हवा होता. जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर पावनींनी तो त्यांना आरशात दाखवला होता. हा आहे तोवर सगळं ठीक, म्हणाल्या होत्या. डोळ्यातलं पाणी आम्ही काढलेल्या वाटेनं इथं येतं आणि इथून जिरतं. आता मे महिना लागला होता. पापणीखाली फुगा नव्हता. पांढरं, सपाट, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखं स्वच्छ. त्यांनी पापणी सोडली, पुन्हा उचलली. बाहेरून गौराबाईंनी विचारलं, "अहो, कॉफी आत देऊ काय?" आपल्याला काहीही झालं तरी ही बाई आधी कॉफी विचारणार, हे त्यांना इतकं ओळखीचं होतं की क्षणभर रडू आलं.

काचबिंदू हा शब्द मोहनरावांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस होतं, आणि शब्द ऐकेपर्यंत डावा डोळा निम्मा गेला होता. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं जग कमी होत जातं आणि माणसाला वाटतं की आपण जरा वेंधळे झालो आहोत. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते, बायको म्हणते लक्ष कुठं असतं तुमचं. सहा वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या एका दवाखान्यात झालं, तिथली वाट बुजून गेली, आणि त्या डोळ्यात आता फक्त उजेड-अंधार एवढंच कळायचं. उरला उजवा. त्यातही सगळं दिसायचं नाही. बांगडीतून बघावं तसं मधलं मधलं दिसायचं. पण मधलं जे दिसायचं ते लख्ख दिसायचं, रंगासकट, आणि मोहनरावांना जगायला तेवढं पुरत होतं. संतेपेठेत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन यायचं, मोहनरावांनी एकदा बघायचं आणि मागच्या फळीवरच्या चारशे तुकड्यांतला एकच ब्लाउजपीस काढून समोर टाकायचा. दुसरा तुकडा दाखवणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. म्हैसूरबाहेरच्या बायका लग्नाच्या साड्या बांधून तासभर बसमधून यायच्या, त्या त्यांच्या या डोळ्यासाठी. हा डोळा गेला तर उरलेल्या मोहनरावाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी विचारायच्या आत ते उठून दिवा लावायचे.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. बाई कानडीत बोलायच्या, सावकाश, समोरचा माणूस शहाणा आहे असं धरून. म्हणाल्या, "बाकीच्या ऑपरेशनांत जखम भरली की आम्ही जिंकतो. यात उलटं असतं. आम्ही एक बारीक वाट काढतो आणि ती उघडी राहावी लागते. शरीराला ते कळत नाही. त्याला वाटतं जखम झाली, भरून काढू या. ते भरून काढायला येतं आणि आम्ही औषधानं त्याला थोपवून धरतो." मोहनराव तेव्हा हसले होते, कारण जखम भरण्याचा त्यांच्या घरात केवढा तोरा. त्यांचे वडील भीमसेनराव सरगूरला कपिला नदीच्या काठी कापड रंगवायचे. तांब्याच्या कढईच्या कडेनं हात कापला तर चुना-हळद दाबायची आणि कामाला लागायचं. तिसऱ्या दिवशी नुसती रेघ. "रंगाऱ्याचं कातडं हे," भीमसेनराव हात पुढं करून पाव्हण्यांना दाखवायचे, "जखम टिकतच नाही आमच्याकडं." लहानपणी गुडघा फुटला तर मोहनराव रडण्याऐवजी खपली कधी धरते ते बघत बसायचे, भावांत पैज लागायची. ते सगळं त्यांनी डॉक्टरीणबाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, आणि पुढं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन गौराबाईंना हे कसं सांगायचं? गौराबाई देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या, हिंगलाज मातेला म्हणत होत्या, यांची जखम लवकर भरू दे, पाच शुक्रवार करते. आता त्या बाईला काय सांगणार, की बाई, असं मागू नकोस, जखम भरू नये असं माग? कुठली बायको असं मागेल? त्यांनी सांगितलं नाही. रोज झोपताना हळद घातलेलं दूध यायचं, ते पीत राहिले. दुधानं काही होत नाही एवढं त्यांना कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी आपली जखम भरावी म्हणून इतकं झटतंय हे त्यांना बरं वाटायचं.

औषध मात्र पांढरं होतं. बाटली हलवून घालायचं, डोळ्यात गेलं की तासभर सगळं दुधाळ. पहिले पंधरा दिवस दिवसाला आठ वेळा, मग सहा, मग चार, असं एप्रिलच्या मध्यापर्यंत हळूहळू कमी करत आणायचं. डॉक्टरांनी चौकटी आखलेला कागद दिला होता. पाच आठवडे मोहनरावांनी एक थेंब चुकवला नाही. पण फेब्रुवारीच्या अखेरीस लग्नसराईची गिऱ्हाइकं यायला लागली आणि एक दिवस जयलक्ष्मीपुरमच्या एक बाई अंजिरी साडीवर दिलेला तुकडा परत घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. तुकडा काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "सार्, स्वल्प डल्ल आहे वाटतं, फिका." दुकानात आणखी दोघी होत्या. तुकडा दाराशी उजेडात नेऊन बघितला तेव्हा मोहनरावांना दिसलं की तो डल्ल नव्हता, तो चुकीचाच होता. शेंबड्या पोरानंही दिला नसता. तीस वर्षांत एक तुकडा परत आला नव्हता. तो काढून दिला तेव्हा डोळ्यात औषध घालून वीसच मिनिटं झाली होती.

त्या दिवसापासून ते आपल्या डोळ्याकडे धंद्याच्या नजरेनं बघायला लागले. दुकानात शिवणदोऱ्याची रिळं होती, सगळ्या छटांची. रोज दुकान उघडलं की आरशासमोर उभं राहायचं, रीळ डोळ्याशी धरायचं आणि डोळ्यातला लाल रंग कुठल्या दोऱ्याला जुळतो ते बघायचं. आठवून बघितलं तर ऑपरेशननंतर डोळा डाळिंबी होता. मग राणी, मग गाजरी. अंजिरी साडीच्या दिवशी अबोली. चार दिवसांनी मोतिया रंगाचं रीळ धरलं आणि ते जुळलं. पांढऱ्या भागात लालीचा धागाही नाही. मोहनरावांना आत कुठंतरी कढईचा वास आला. भीमसेनराव कापड बुडवून, काठीनं वर उचलून, एक क्षण बघायचे आणि ओरडायचे, "धरला, काढ. रंग धरला की कापड बाहेर काढावं. आणखी एक बुडी म्हणून लोभ केलास की काळं पडतं." कढईपाशी घड्याळ नव्हतं, कागद नव्हता, डोळा सांगेल तो वेळ. त्या डोळ्यावर तीन पिढ्या जेवल्या. डॉक्टरीणबाई हुशार, पण त्यांना रंग काय कळतो, त्या कागद बघून सांगणार. मोहनरावांनी मोतिया रीळ जागेवर ठेवलं आणि मनाशी म्हणाले, धरला. त्या दिवशी दुकानात त्यांनी औषध घातलं नाही आणि संध्याकाळपर्यंत चौदा साड्या जुळवल्या, एकही तुकडा चुकला नाही. ते घरी आले ते गाणं गुणगुणत.

घरी अडचण होती. गौराबाईंच्या मोबाइलला गजर लावलेला असायचा आणि त्या बाटली हलवत पुढं उभ्या राहायच्या. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं असतं. म्हणून ते म्हणाले, "मी घालतो, आता सवय झालीय," आणि बाटली घेऊन न्हाणीत जायला लागले. आत जाऊन, नळ न उघडता, एक थेंब बेसिनमध्ये टाकायचे, बाटली तितकीच रिकामी दिसावी म्हणून. पांढऱ्या बेसिनवर पांढरा थेंब, दिसायचाही नाही. मग डोळे मिचकावत बाहेर यायचे. गौराबाई लगेच शिसपेन्सिलीनं कागदावरच्या चौकटीत बरोबरची खूण करायच्या. दुकानातल्या वेळेला फोन यायचा, "घातलं काय?" हे म्हणायचे, "घातलं की." तिकडे खूण व्हायची. मार्च महिना असा गेला आणि निम्मा एप्रिल. तपासणीच्या एका तारखेला लग्नसराई होती, गेले नाहीत. एका तारखेला डोळ्याचं प्रेशर किंचित वाढलेलं निघालं, डॉक्टरीणबाईंनी वाट मोकळी राहावी म्हणून डोळा कसा चोळायचा ते शिकवलं आणि महिन्यानं बोलावलं. तेव्हा बोलता आलं असतं. पण डोळा पांढराशुभ्र होता, दुकान चाललं होतं, आणि माणूस सुखात असला की खरं बोलायची त्याला घाई नसते.

आता, त्याच दिवशी अकरा वाजता ते दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि गौराबाई नेहमीप्रमाणे त्यांच्या डाव्या बाजूला. लग्नात डावीकडे बसली ती बसलीच, असं ते पूर्वी चिडवायचे. डावा डोळा गेल्यापासून ती बाजू सांभाळायला म्हणून त्या तिकडेच असायच्या, रस्त्यात स्कूटर आली की दंड धरायच्या. आधी कमानीसारख्या यंत्रात हनुवटी ठेवून प्रेशर बघितलं. मग अंधाऱ्या खोलीत ठिपके दिसले की बटण दाबायची ती तपासणी, जिच्यात माणसाला वाटतं आपण परीक्षेला बसलोय आणि प्रश्नपत्रिकाच कोरी आहे. मोहनराव बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले. ठिपके येत असणारच. यंत्राचा बारीक आवाज येत होता, प्रत्येक आवाजाला कुठंतरी एक ठिपका लागून विझत असणार, आणि त्यांना वाटलं सरळ अंदाजानं बटण दाबावं. दोनदा दाबलंही.

डॉक्टर पावनींनी पापणी उचलून बघितलं आणि खुर्ची मागे घेतली. "प्रेशर चौतीस आहे," म्हणाल्या. "ऑपरेशननंतर दहा होतं. वाट बंद झालीय, आतून पूर्ण दाटलंय. आणि मधल्या काळात नजरही कमी झालीय. गेलेली परत येत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे." मग त्यांनी विचारलं, "औषध पूर्ण घातलं होतंत ना? ते लाली घालवायला नव्हतं. लाली तर आधीच जाते. ते आतली जखम भरू नये म्हणून होतं."

लाली आधीच जाते. मोहनरावांना वाटलं हे वाक्य त्यांनी जानेवारीतही ऐकलं असणार, त्याच खुर्चीत, आणि तेव्हा ते भीमसेनरावांच्या हाताची गोष्ट सांगत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत गौराबाईंनी पिशवीतून कागद काढला. चार घड्या घातलेला, कडा मऊ पडलेल्या, आणि एकूण एक चौकटीत बरोबरची खूण. "एक पण चुकवलं नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी स्वतः लिहून ठेवलंय नोडी." डॉक्टरीणबाईंनी कागद दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत पाहिला. "असा कागद मला वर्षात दोनदा बघायला मिळतो," त्या म्हणाल्या. "मग तुमचा दोष नाही. याला पुष्कळ कारणं असतात. काचबिंदूसाठी आधी घातलेल्या थेंबांची बारा वर्षं; त्यानं डोळ्याची वरची त्वचा रागीट होते. वय फार नाही, कमी वयात शरीर जोरात भरून काढतं. काहींच्या दुसऱ्या डोळ्यातली वाट अशीच बुजलेली असते, तुमची होती. आपल्या लोकांची कातडीही दाट वण धरणारी. नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही."

कारणं एकेक करून येत होती आणि मोहनराव त्यांच्यामागे जाऊन उभे राहत होते. बारा वर्षं होती, खरं होतं. वय होतं. डावा डोळा होता. इतक्या खऱ्या कारणांत आणखी एक खरं कारण नसलं तर काय बिघडलं? त्यांना हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधात कसूर झाली असती तर मी म्हटलं असतं, पुन्हा एकदा हेच करून बघू, या वेळी नीट सांभाळू. पण सगळं औषध घालूनही ज्याच्या डोळ्यातली वाट अशी बुजते, त्याला पुन्हा हे करण्यात अर्थ नाही. गुरुवारी सुईनं ते दाटलेलं सोडवून बघते. फार आशा देत नाही. नळी बसवायचं एक असतं, पण डोळ्यामागची उरलेली नस तो धक्का सोसेल असं मी छातीठोक सांगणार नाही."

म्हणजे बोललं तर एक वाट होती. तोंडातून एक वाक्य काढायचं, दीड महिना मी औषध बेसिनमध्ये टाकलं, एवढंच. सगळं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ओठ ओले केले. आणि डाव्या बाजूनं, जिथं त्यांना काही दिसत नव्हतं तिथून, गौराबाईंचा आवाज आला. फार बारीक आवाज.

"मॅडम, मी रोज हळदीचं दूध दिलं यांना. आणि देवीला म्हटलं होतं, जखम लवकर भरू दे. पाच शुक्रवार पण केले. हे मी केलं काय?"

"इल्ल अम्मा, तसं काही नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हसल्या, चांगल्या मनानं हसल्या. पण गौराबाई हसल्या नाहीत. "भरली म्हणून बंद झालं ना?" त्या म्हणाल्या. "मी भरू दे म्हटलं." मोहनरावांनी ओठ मिटले. आता ते वाक्य पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. आता ते बोलायचं तर या बाईनं केलेल्या प्रत्येक खुणेवरून हात फिरवून बोलावं लागणार होतं, दोनशे-अडीचशे खुणा, आणि प्रत्येक खुणेला ते न्हाणीतून डोळे मिचकावत बाहेर आले होते, नाहीतर फोनवर घातलं की म्हणाले होते. डॉक्टरीणबाई गुरुवारची वेळ लिहीत होत्या. पेन थांबायच्या आत बोलायचं असं त्यांनी ठरवलं. पेन थांबलं.

रिक्षात गौराबाई नेहमीसारख्या डावीकडे बसल्या. उन्हात गुलमोहर फुलले असणार. मोहनरावांना समोर रिक्षावाल्याच्या पाठीएवढं जग दिसत होतं, खाकी, आणि ती खाकी कुठल्या रिळाला जुळते ते मन आपोआप शोधत होतं. बल्लाळ सर्कलपाशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांना कळलं की शेजारी गौराबाई रडताहेत. दिसलं नाही, बाक हलत होता. त्यांनी हात पुढं केला, तो आधी पिशवीवर पडला आणि मग त्यांच्या मनगटावर. "मी देवीला नीट सांगायला हवं होतं," गौराबाई म्हणाल्या. "मला कसं कळणार हो, भरायला नको म्हणून? कुणी सांगितलंच नाही मला."

अजूनही वेळ होता. रिक्षा होती, दवाखाना मागे दहा मिनिटांवर होता. मोहनरावांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि तरी त्यांचा आवाज निघाला तो मऊ, समजूतदार, तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून घोटलेला. "असू दे," ते म्हणाले. "तू काय मुद्दाम केलंस? माझ्या मनात काही नाही."

गौराबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. त्यांना ते कळलं, कपाळावरचं ओलं कुंकू बोटांना लागलं म्हणून.

चार वाजता गजर झाला. डॉक्टरांनी तेच पांढरं औषध पुन्हा चालू केलं होतं आणि नव्या चौकटींचा कागद दिला होता. "आता मीच घालणार," गौराबाई म्हणाल्या, "तुमच्यावर सोडत नाही. पडलं नसेल कधी नीट आत." मोहनरावांनी खुर्चीच्या पाठीवर मान टाकली. गौराबाई वाकल्या तेव्हा मोहनरावांना त्यांचा चेहरा पूर्ण दिसला नाही. भुवयांपासून ओठांपर्यंत, तेवढाच. नाकाच्या शेंड्यावर डाळिंबी, नाही, गाजरी. मग थेंब पडला आणि ते सगळं दुधाळ झालं. त्यांनी डोळा मिटला. शेजारी कागदाचा आवाज आला, शिसपेन्सिलीचा आला. फेब्रुवारीनंतरची ती पहिली खरी खूण होती.